कम्युनिटी कॉलेजातून पदवी पदरात पाडून घेण्यासाठी ॲडव्हायजरचा उपयोग कसा करावा

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात, ॲडव्हायजर (कोर्सनिवडीचा सल्ला देणारी व्यक्ती) म्हणून काम करताना माझ्या टेबलासमोर एकदा असा विद्यार्थी येऊन बसला, की ज्याच्या खात्यावर ७१ क्रेडिट जमा होती आणि पदवी मात्र नव्हती. असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीला साधारणपणे ६० क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण कोर्सांबद्दल मिळणारी एकके, लागतात. तीन वर्षांत तो एकाही विषयात नापास झालेला नव्हता. परंतु प्रयोगशाळेसह असलेला विज्ञानाचा एक कोर्स राहून गेला होता, आणि ज्या गणितावर त्याने एक संपूर्ण सेमिस्टर घालवले ते त्याच्या अभ्यासक्रमात धरलेच जात नव्हते. या तीन वर्षांत तो आमच्या कार्यालयात दोनदा आला होता, दोन्ही वेळा नोंदणी बंद होण्याच्या आदल्या दिवशी, आणि दोन्ही वेळा त्याने विचारले होते, की कुठल्या वर्गात जागा शिल्लक आहे. त्याला विचारल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. "पदवीला अजून काय बाकी आहे?" हे त्याने विचारले नाही आणि आमच्यापैकीही कोणी आपणहून सांगितले नाही.

महाराष्ट्रात शिकलेल्या आईवडिलांना हा घोळ समजायला वेळ लागतो. एफवाय, एसवाय, टीवाय अशी चाकोरी विद्यापीठ आखून देते, विषय ठरलेले असतात, एखादा विषय राहिला तर एटीकेटी लागते आणि काय राहिले आहे ते गुणपत्रिकेवर छापून येते. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात मात्र शेकडो कोर्सांच्या यादीतून विद्यार्थ्याने स्वतः निवड करायची असते, आणि चुकीची निवड केली तरी तो कोर्स उत्तीर्ण होता येतो, त्याचे क्रेडिट मिळते, पैसेही भरले जातात; फक्त पदवी जवळ येत नाही. १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज सुरू झाले तेव्हापासून या संस्थांचा दरवाजा जवळजवळ सर्वांना खुला राहिला आहे. आत येणे सोपे असल्यामुळे वाट चुकण्याची शक्यताही मोठी असते, आणि म्हणून इथे ॲडव्हायजर ही सोय नसून गरज ठरते.

याचा सर्वांत भक्कम पुरावा न्यूयॉर्क शहरात मिळाला. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे, ॲडव्हायजरला वारंवार भेटायचे आणि त्या बदल्यात आर्थिक मदतीनंतर उरलेल्या फीची माफी, पाठ्यपुस्तके व शहराच्या बस-मेट्रोचे कार्ड मिळवायचे, अशी रचना होती. एमडीआरसी या संशोधन संस्थेने ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून अभ्यास केला. तीन वर्षांनंतर कार्यक्रमातल्या ४० टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली होती, तर दुसऱ्या गटातल्या २२ टक्क्यांना. ओहायोमधल्या तीन कॉलेजांनी हाच नमुना उचलला तेव्हा तिथे हे आकडे अनुक्रमे ३५ आणि १९ टक्के आले. न्यूयॉर्कच्या अभ्यासात कार्यक्रमातल्या एका ॲडव्हायजरकडे ६० ते ८० विद्यार्थी असत. त्याच कॉलेजांतल्या इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे प्रमाण एकास ६०० ते १५०० होते. तुमच्या कॉलेजात असा कार्यक्रम असेल तर त्यासाठी अर्ज करणे हे पहिल्याच आठवड्याचे काम समजावे. नसेल, तर त्या कार्यक्रमातला ॲडव्हायजर जे जे करून घेतो ते विद्यार्थ्याने स्वतः पुढाकार घेऊन करून घ्यावे लागते. पुढचे टप्पे त्यासाठी आहेत.

पहिला टप्पा: गर्दी नसताना भेट घ्या

ऑगस्टच्या शेवटच्या आणि जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमच्या कार्यालयाबाहेर जी रांग लागते, त्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटे येतात आणि तेवढ्या वेळात पुढच्या सेमिस्टरचे कोर्स भरण्यापलीकडे काही होत नाही. हाच ॲडव्हायजर सप्टेंबरच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या मध्यावर अर्धा तास निवांत देऊ शकतो. भेटीची वेळ कॉलेजच्या ईमेलवरून मागावी. त्यात पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, अभ्यासक्रमाचे नाव आणि एका ओळीत नेमका प्रश्न लिहावा. "मला मदत हवी आहे" एवढाच मजकूर असलेले ईमेल सर्वांत शेवटी उघडले जाते, हे मी आमच्या क्षेत्राबद्दल फारशा अभिमानाने सांगत नाही.

भेटीला जाताना पूर्वीच्या सर्व गुणपत्रिका बरोबर न्याव्यात. भारतात बारावीनंतर एखादे वर्ष महाविद्यालयात काढले असेल तर त्याच्या गुणपत्रिकेचे मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घेता येते आणि त्यातली काही क्रेडिट इथे धरली जाऊ शकतात. अनेक जण ही गुणपत्रिका "इथे कोण विचारतो" म्हणून घरीच ठेवतात आणि जे शिकून झाले आहे तेच पुन्हा पैसे भरून शिकतात.

आईवडिलांसाठी इथेच एक सूचना. १९७४ च्या फर्पा या कायद्यानुसार कॉलेजात प्रवेश घेतला, की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा होतो, मग त्याचे वय १७ का असेना. फी तुम्ही भरत असाल, मुलगा शेजारच्या खुर्चीत बसलेला असेल, तरी त्याच्या लेखी संमतीवाचून बहुतेक कार्यालये त्याचे गुण तुम्हाला सांगणार नाहीत. "अहो, मी त्याची आई आहे" असे म्हणणाऱ्या काकूंना हे समजावताना मला आजही अवघडल्यासारखे होते. संमतीचा अर्ज भरून घेणे हा एक मार्ग आहे. परंतु मुलाला प्रश्न विचारू देणे आणि आपण ऐकत बसणे हा माझ्या मते अधिक उपयोगाचा मार्ग आहे, कारण पुढची दोन वर्षे या कार्यालयात त्यालाच यायचे आहे.

दुसरा टप्पा: पदवीचा प्रकार आणि पुढचा मुक्काम ठरवा

ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स), ए.एस. (असोसिएट इन सायन्स) आणि ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) ही तीन लघुरूपे कानाला सारखीच वाटतात, पण त्यांचा हेतू वेगळा आहे. पहिल्या दोन पदव्या पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी आखलेल्या असतात. तिसरी मुख्यतः थेट नोकरीसाठी असते आणि तिच्यातले बरेचसे कोर्स विद्यापीठे धरत नाहीत. न्यू जर्सीत २००७ मध्ये झालेल्या कायद्यामुळे ए.ए. किंवा ए.एस. पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याची क्रेडिट राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत पहिल्या दोन वर्षांच्या जागी धरली जातात. ए.ए.एस. या पदवीला ते संरक्षण नाही. पुढे इंजिनिअर व्हायचे स्वप्न असलेला विद्यार्थी "तंत्रज्ञान" हा शब्द पाहून ए.ए.एस. मध्ये नाव घालतो आणि वर्षभराने चूक लक्षात येते, हा प्रकार वारंवार घडतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे: ही पदवी घेतल्यावर मला अमुक विद्यापीठात अमुक विषयात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का?

विषय ठरलेला नसला तरी हरकत नाही, मात्र दिशा ठरलेली असावी. आरोग्य, व्यापार, संगणक-अभियांत्रिकी की समाजशास्त्रे, एवढे सांगता आले तरी पहिल्या सेमिस्टरचे असे कोर्स निवडता येतात, की जे त्या दिशेच्या कोणत्याही पदवीत चालतील.

तिसरा टप्पा: गणित आणि इंग्रजी पहिल्या वर्षात संपवा

प्रवेशानंतरच्या चाचणीत कमी गुण पडले की विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसवले जाते. त्या वर्गाचे पैसे लागतात, वेळ जातो, पण पदवीसाठी क्रेडिट मिळत नाही. एकामागून एक असे दोन-तीन वर्ग लागले तर कित्येक जण मूळ कोर्सपर्यंत पोहोचतच नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून शालेय गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांना सरळ पदवीच्या गणितात व इंग्रजीत बसवण्याकडे मोर्चा वळवला. तुमच्या राज्यात तशी सक्ती नसेल तरी ॲडव्हायजरला तीन गोष्टी विचाराव्यात: शाळेतल्या गुणांवर चाचणी माफ होईल का, चाचणी पुन्हा देता येईल का, आणि मूळ कोर्सबरोबरच जादा मदतीचा तास जोडलेला वर्ग उपलब्ध आहे का. तिसरा पर्याय मिळत असेल तर तोच घ्यावा.

त्याचबरोबर कोणते गणित हवे तेही विचारावे. नर्सिंग किंवा मानसशास्त्राकडे जाणाऱ्याला बहुधा संख्याशास्त्र लागते, तर संगणकशास्त्राकडे जाणाऱ्याला कॅल्क्युलस. सुरुवातीला ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला त्याचे गणित नेमके इथे चुकले होते.

चौथा टप्पा: शेवटापासून सुरुवात करून आराखडा लिहून घ्या

सगळ्या टप्प्यांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. समजा एका विद्यार्थिनीला चार सेमिस्टरनंतर संगणकशास्त्रासाठी विद्यापीठात जायचे आहे आणि विद्यापीठाला डेटा स्ट्रक्चर्स व कॅल्क्युलस दोन हे दोन्ही कोर्स झालेले हवे आहेत. आता मागे यायचे. डेटा स्ट्रक्चर्स तिच्या कॉलेजात फक्त जानेवारीत सुरू होणाऱ्या वसंत सेमिस्टरमध्ये शिकवला जातो, म्हणजे तो चौथ्या सेमिस्टरमध्ये बसतो. त्याच्या आधी प्रोग्रामिंग दोन हवे, ते तिसऱ्यात. त्याच्या आधी प्रोग्रामिंग एक, ते उशिरात उशिरा दुसऱ्यात. गणिताच्या बाजूने पाहिले तर कॅल्क्युलस दोन तिसऱ्यात, कॅल्क्युलस एक दुसऱ्यात आणि प्रीकॅल्क्युलस पहिल्यात असायला हवे. भौतिकशास्त्राला कॅल्क्युलस एक झालेले लागते, म्हणून ते तिसऱ्याच्या आधी घेता येत नाही. आता तिला चाचणीनंतर प्रीकॅल्क्युलसच्या खालच्या वर्गात बसवले, तर ही सगळी माळ एका सेमिस्टरने सरकते, आणि वसंतातला कोर्स हुकल्यास एका वर्षाने. उपाय साधा असतो: पहिल्या उन्हाळ्यात एक गणित उरकून घ्यायचे. पण तो उपाय पहिल्या सप्टेंबरात दिसला तरच वापरता येतो, तिसऱ्या सेमिस्टरमध्ये दिसून उपयोग नसतो.

माळेत न ओवलेले कोर्स, म्हणजे इतिहास, भाषण, कला, समाजशास्त्र, हे नंतर मोकळ्या जागांत भरायचे. नवे विद्यार्थी याच्या नेमके उलट करतात. सोपे व मोकळे कोर्स आधी संपवतात, आणि शेवटच्या दोन सेमिस्टरमध्ये कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र व प्रोग्रामिंग एकदम अंगावर येतात.

हा आराखडा ॲडव्हायजरबरोबर बसून चारही सेमिस्टरांसाठी लिहावा आणि कॉलेजच्या डिग्री ऑडिटशी ताडून पाहावा. डिग्री ऑडिट म्हणजे कोणती अट पूर्ण झाली व कोणती बाकी आहे हे दाखवणारा संगणकावरचा तक्ता. तो विद्यार्थ्याला स्वतःच्या खात्यातून केव्हाही पाहता येतो. त्यात सर्वांत खाली एक रकाना असतो, जिथे कोणत्याही अटीत न बसलेले कोर्स जाऊन पडतात. नव्याने नोंदवलेला कोर्स त्या रकान्यात दिसला, तर तो पदवीत धरला जात नाही असे समजावे आणि त्याच दिवशी ॲडव्हायजरला लिहावे.

भेट संपल्यावर काय ठरले ते चार ओळींत ॲडव्हायजरला ईमेलने पाठवून ठेवावे. ॲडव्हायजर नोकरी सोडतात, अभ्यासक्रमाच्या अटी बदलतात. अशा वेळी तुम्ही कोणत्या वर्षीच्या नियमपुस्तिकेखाली प्रवेश घेतला आणि तुम्हाला काय सांगितले गेले याचा तो ईमेल हाच पुरावा असतो. शिक्षणात खंड पडून परत आलात तर नवी नियमपुस्तिका लागू होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

पाचवा टप्पा: पैसे आणि व्हिसा यांचे गणित आराखड्यावर ठेवा

संघीय आर्थिक मदतीसाठी १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. पण १२ चौक ४८. पदवीला लागतात ६०. दर सेमिस्टरला १२ च घेणारा विद्यार्थी आपण पूर्णवेळ शिकतो आहोत या समाधानात असतो आणि दोन वर्षांनी त्याला कळते, की अजून एक अख्खे सेमिस्टर बाकी आहे. नोकरी सांभाळून १५ झेपत नसतील तर दोन उन्हाळ्यांत सहा-सहा क्रेडिट घेऊन ही तूट भरून काढता येते, आणि पात्र विद्यार्थ्याला उन्हाळ्यासाठीही पेल ग्रँट, म्हणजे सहसा परत न करावी लागणारी संघीय मदत, मिळू शकते. २०२४-२५ मध्ये या ग्रँटची वार्षिक कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. आयुष्यभरात ती पूर्णवेळाच्या १२ सेमिस्टरांइतकीच मिळते, आणि विद्यापीठातली पुढची वर्षेही त्याच हिशेबात येतात. कम्युनिटी कॉलेजात भरकटलेले प्रत्येक सेमिस्टर पुढच्या ताटातले कमी होते.

मदत चालू राहण्यासाठी बहुतेक कॉलेजे ४.० पैकी किमान २.० सरासरी आणि घेतलेल्या क्रेडिटांपैकी सुमारे ६७ टक्के पूर्ण केलेली असण्याची अट घालतात. मध्येच सोडलेला, डब्ल्यू शेरा मिळालेला कोर्स "घेतलेला" म्हणून मोजला जातो. ३० पैकी १८ क्रेडिट पूर्ण झाली तर प्रमाण ६० टक्क्यांवर येते आणि मदत अडचणीत सापडते. सेमिस्टरचा ६० टक्के काळ संपण्यापूर्वी सगळेच कोर्स सोडले, तर मिळालेल्या मदतीचा काही भाग परत करावा लागतो आणि तो बोजा विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. तेव्हा कोर्स सोडण्याआधी ॲडव्हायजर आणि आर्थिक मदत कार्यालय या दोघांनाही विचारावे. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या नियमात बसेलच असे नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला संघीय मदत मिळत नाही, आणि त्याच्यासाठी १२ क्रेडिट ही व्हिसाची अट असते. त्यात केवळ ऑनलाइन असलेला एकच कोर्स धरला जातो, आणि १२ च्या खाली जायचे असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या मराठी कुटुंबांत एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असलेली बरीच मुले कम्युनिटी कॉलेजात येतात. या मुलांना अर्धवेळ शिकता येते, परंतु वयाची २१ वर्षे पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि बहुतेकांना एफ-१ कडे जावे लागते. ती तारीख पहिल्याच भेटीत ॲडव्हायजरला सांगावी. आराखडा त्या तारखेभोवती आखावा लागतो, आणि ती तारीख कॉलेजच्या संगणकात आपोआप दिसत नाही.

सहावा टप्पा: सेमिस्टर चालू असताना दोनदा तरी जा

पहिली भेट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पहिल्या परीक्षेचे गुण हाती आल्यावर घ्यावी. अशा वेळी शिकवणी वर्ग, प्राध्यापकांची भेट, नोकरीच्या तासांत बदल, असे बरेच काही करता येते. दुसरी भेट कोर्स सोडण्याच्या अंतिम तारखेच्या आठवडाभर आधी घ्यावी. ती तारीख कॉलेजच्या दिनदर्शिकेत छापलेली असते. फोनमध्ये गजर लावून ठेवावा. त्या तारखेआधी घेतलेला डब्ल्यू सरासरीला धक्का लावत नाही, पण वर्गात जाणे नुसते बंद केले तर एफ मिळतो, आणि तो सरासरीत वर्षानुवर्षे टोचत राहतो. न सांगता गायब होणारे विद्यार्थी बहुधा हुशार असतात. लाज वाटून ते आमच्यापासून तोंड लपवतात.

खात्यावरचा होल्ड हाही याच काळात पाहावा. ग्रंथालयाचा दंड, पार्किंगची पावती, लसीकरणाचा न दिलेला कागद, अशा क्षुल्लक कारणांनी नोंदणी अडते, आणि होल्ड उठेपर्यंत वसंतातला तो एकुलता एक वर्ग भरून गेलेला असतो.

सातवा टप्पा: विद्यापीठात क्रेडिट धरली जाण्याची खात्री दोन्ही टोकांना करून घ्या

अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. क्रेडिट "स्वीकारले" जाणे आणि ते मुख्य विषयाच्या अटीत धरले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ तुमची ६० च्या ६० क्रेडिट स्वीकारून त्यातली १५ केवळ ऐच्छिक म्हणून बाजूला ठेवू शकते. न्यू जर्सीत एनजे ट्रान्सफर आणि कॅलिफोर्नियात असिस्ट या संकेतस्थळांवर कोणता कोर्स कुठे कशाच्या बदल्यात धरला जातो ते पाहता येते. तिसरे सेमिस्टर सुरू होण्यापूर्वी ते पाहून घ्यावे, त्याची प्रत ठेवावी, आणि विद्यापीठातल्या त्या विभागाच्या ॲडव्हायजरलाही एकदा ईमेलने विचारावे.

चार-पाच कोर्स बाकी असतानाच विद्यापीठात उडी मारण्याचा मोह अनेकांना होतो. न्यू जर्सीच्या कायद्याचे संरक्षण पूर्ण झालेल्या पदवीला आहे, हे लक्षात घेऊन शक्यतो पदवी घेऊनच निघावे.

आठवा टप्पा: पदवीसाठी अर्ज करा

क्रेडिट पूर्ण झाली की पदवी आपोआप मिळते, असे बहुसंख्य विद्यार्थी धरून चालतात. पुष्कळ कॉलेजांत त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची अंतिम मुदत शेवटचे सेमिस्टर संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच असू शकते. तिसरे सेमिस्टर संपताना ॲडव्हायजरकडून डिग्री ऑडिटची शेवटची तपासणी करून घ्यावी. काही राहिले असेल तर भरून काढायला एक सेमिस्टर हातात राहते. एखादा समतुल्य कोर्स मान्य करून घ्यायचा असेल तर विभागप्रमुखांची लेखी मंजुरी याच वेळी मिळवावी, कारण मे महिन्यात ते सुट्टीवर गेलेले असतात.

आमच्या त्या ७१ क्रेडिटवाल्या विद्यार्थ्याने उन्हाळ्यात प्रयोगशाळेसह जीवशास्त्र घेतले. गणिताच्या बाबतीत संख्याशास्त्र करण्यावाचून गत्यंतर नव्हते, ते त्याने पुढच्या सेमिस्टरमध्ये केले. पदवीचा अर्ज त्याने माझ्या समोर बसून भरला आणि विद्यापीठाला गुणपत्रिका पाठवण्याची विनंतीही लगेच नोंदवायला निघाला. त्याला थांबवावे लागले. अर्जात "पदवी प्रदान झाल्यावर पाठवा" असा एक पर्याय असतो. तो न निवडता पाठवलेल्या गुणपत्रिकेवर कोर्स सगळे दिसतात, पदवीची ओळ मात्र नसते.